टरफले, पऱ्हाटी आणि पाण्यातील धातू

शेंगदाण्याची टरफले, सोयाबीनच्या दाण्यावरची साल, भाताचे तूस, कांद्याची फोलपटे, हरभऱ्याचा कोंडा, कापसाची पऱ्हाटी अशा पीक-अवशेषांवर आम्लाची, अल्कलीची किंवा उष्णतेची प्रक्रिया करायची आणि त्यांच्याकरवी पाण्यातले शिसे, तांबे, कॅडमियम, क्रोमियम, पारा हे जड धातू काढून घ्यायचे, हे तंत्र आजच्या रूपात जेमतेम पन्नास वर्षांचे आहे. त्याच्या घडणीत नागपूर आणि मुंबई येथील प्रयोगशाळांचा वाटा मोठा आहे. ज्या पिकांवर ते उभे आहे, त्यांतली बहुतेक नांदेड-लातूरच्या शिवारात होतात. मात्र नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य भागातल्या इस्लापूरसारख्या गावावरून हा इतिहास पाहू लागले, की आधी एक वेगळाच प्रश्न समोर येतो. प्रयोगशाळेत ज्याला 'टाकाऊ' म्हणतात, ते शेतकऱ्याच्या घरी टाकाऊ कधी झाले?

इस्लापूर हे किनवट तालुक्यातले, पैनगंगेच्या खोऱ्यातले गाव. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा याच परिसरात आहे. नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, पूर्वेला तेलंगणातला आदिलाबाद. हैदराबाद संस्थानाच्या काळात हा भाग आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात मुंबई राज्याकडे येणाऱ्या प्रदेशाची जी यादी आहे, तीत किनवट आणि राजुरा या दोन तालुक्यांबरोबर बोथ तालुक्यातील 'इस्लापूर मंडळ' असा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे बोथ तालुका तेलुगू भाषक राज्याकडे गेला आणि त्यातले एवढे एक मंडळ वेगळे काढून १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी मुलखाला जोडले गेले. सागवानाचे जंगल, मराठीबरोबर कानावर पडणारी गोंडी, गोरमाटी आणि तेलुगू, काळ्या जमिनीच्या पट्ट्यांमधून डोकावणारा मुरूम आणि खडक, अशी या भागाची ठेवण आहे.

या शिवारातली जुनी पिके ज्वारी, तूर आणि कापूस. नांदेडचा गावरानी कापूस लांब धाग्यासाठी एके काळी नावाजलेला होता. या पिकांचा कोणताच भाग वाया जात नसे. ज्वारीचा कडबा म्हणजे बैलांचे वर्षाचे खाणे. त्याच्या पेंढ्या मोजून दिल्या-घेतल्या जात आणि दुष्काळात त्याची किंमत धान्याच्या बरोबरीला येई. तुराट्यांचे कूड विणून त्यावर शेण-मातीचा गिलावा दिला की घराची भिंत उभी राही. पऱ्हाटी चुलीत जाई किंवा तिचे कुंपण होई, आणि धसकटे वेचून जळणाला लावली जात. डाळ भरडताना निघालेली चुनी आणि टरफले दुभत्या जनावरांपुढे पडत. चुलीतल्या राखेनेही भांडी घासली जात. पिकाचा अवशेष ही घरातली चीजवस्तू होती आणि तिच्यावर माणसाच्या, जनावराच्या आणि चुलीच्या हक्काची वाटणी ठरलेली होती.

ही वाटणी १९९० नंतरच्या तीन दशकांत मोडली. सोयाबीन नांदेड-लातूरचे मुख्य पीक झाले. त्याचे कुटार जनावरे कडब्याइतक्या आवडीने खात नाहीत. २००२ पासून बीटी कापूस आला. ट्रॅक्टरने बैलांची संख्या घटवली आणि गॅसच्या शेगडीने पऱ्हाटीची गरज कमी केली. पुढची पेरणी गाठण्यासाठी बांधावर ढीग लावून पेटवून देणे, हा अनेकांना सोयीचा मार्ग वाटू लागला. शास्त्रीय लेखांत 'कमी खर्चाचा टाकाऊ माल' म्हणून ज्याची गणना होते, तो इथे अगदी अलीकडे टाकाऊ झाला, ही गोष्ट पुढचा सगळा इतिहास वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

वनस्पतीने पाणी स्वच्छ करणे मात्र फार जुने आहे. पावसाळ्यातले गढूळ पाणी निवळण्यासाठी मातीच्या भांड्याच्या आतल्या बाजूवर निवळीचे बी घासण्याची रीत आहे, आणि पाणी निवळणारे हे बी सुश्रुतसंहितेत 'कतक' या नावाने आले आहे. मराठीत या झाडाचे नावच त्याच्या कामावरून पडले. निवळीतली द्रव्ये पाण्यातल्या मातीच्या बारीक कणांना एकत्र बांधतात आणि गोळे होऊन ते तळाशी बसतात. शेवग्याचे बी हेच काम करते. पण विरघळलेला धातू म्हणजे गाळ नव्हे. तो डोळ्यांना दिसत नाही, चवीलाही बहुधा कळत नाही, आणि कितीही वेळ ठेवले तरी तळाशी बसत नाही. त्याला पकडायला वेगळी युक्ती लागते.

त्या युक्तीची जुनी खूण पाणक्याकडे मिळत नाही, रंगाऱ्याकडे मिळते. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाला लोखंडाचे द्रावण लावले की पक्का काळा रंग चढतो. बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीने कमावलेल्या कातड्यावरही लोखंडाचे डाग असेच काळे उमटतात. हिरडा, बाभूळ, तरवड या सर्वांत टॅनिन असते, आणि टॅनिन लोखंडाच्या आयनाला घट्ट धरून ठेवते. शेंगदाण्याच्या दाण्यावरची तांबूस साल, कांद्याचे तपकिरी फोलपट, झाडांच्या साली यांत याच जातीची द्रव्ये असतात. रंगाऱ्याला रंग हवा होता, म्हणून त्याने पाण्यातल्या धातूला कापडावर ओढून आणले. पाणी धातूपासून मोकळे होते, याकडे पाहण्याचे त्याला कारण नव्हते.

पीक-अवशेष पाण्यासाठी वापरण्याचा भारतातला पहिला पद्धतशीर प्रयत्न धातूसाठी झाला नाही. तो फ्लोराइडसाठी झाला. १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यात पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडने हाडे आणि दात बिघडतात, याची नोंद झाली. १९५० च्या दशकात भाताच्या तुसाचा कोळसा करून तो तुरटीच्या पाण्यात भिजवून फ्लोराइड काढण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पुढे तरवडाच्या सालीचा कोळसाही तपासला गेला. कोळशाला फ्लोराइडची मुळात फारशी ओढ नसते. ती ओढ तुरटीतल्या ॲल्युमिनियमला असते, आणि कोळसा त्या ॲल्युमिनियमला बसायला जागा देतो. अवशेषावर 'प्रक्रिया' करणे म्हणजे नेमके काय, याचा पहिला धडा इथे मिळाला.

१९५८ साली नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, झाले. या संस्थेने लाकडाच्या भुशावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून त्यात २ टक्के तुरटीचे द्रावण मुरवले आणि त्या पदार्थाला 'डिफ्लोरॉन-१' हे नाव दिले. तो फ्लोराइड धरत असे. पण भुशाच्या थरातून पाणी नीट वाहत नसे आणि कण झिजून बराच माल वाया जाई. म्हणून १९६८ मध्ये संस्थेने भुसा सोडून दगडी कोळशाचा 'डिफ्लोरॉन-२' केला, आणि १९७० च्या दशकात तुरटी व चुना थेट पाण्यात ढवळून गाळ बसवण्याची 'नलगोंडा पद्धत' पुढे आणली. डिफ्लोरॉन-१ चे अपयश रसायनाचे नव्हते, आकाराचे होते. भुसा, तूस, कुटार हलके, ठिसूळ आणि पाण्यात फुगणारे असतात. काचेच्या शंकूपात्रात ते उत्तम काम करतात, आणि नळाच्या दाबाखाली त्यांचा चिखल होतो. पुढच्या पन्नास वर्षांत हीच अडचण पुन्हा पुन्हा आडवी आली. ती इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे नागपुरात दिसली होती, याची आठवण ठेवणे अगत्याचे आहे.

जड धातूंकडे जगाचे लक्ष वळले ते जपानमधल्या आपत्तींमुळे. १९५६ मध्ये मिनामाता येथे पाऱ्याच्या विषबाधेचे रुग्ण समोर आले. जिंझू नदीच्या काठी कॅडमियममुळे हाडे ठिसूळ होणाऱ्या 'इताई-इताई' रोगाचे कारण १९६८ मध्ये सरकारने मान्य केले. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये आला. धातूंना मुलामा देणारे, बॅटरी बनवणारे, कातडी कमावणारे कारखाने आता सांडपाण्याला जबाबदार ठरू लागले. चुना घालून धातूंचा साका बसवणे ही त्यांची नेहमीची रीत होती; पण तिने शेवटचे थोडे मिलिग्रॅम निघत नसत, आणि ते काढणारी कृत्रिम राळ किंवा सक्रिय कोळसा महाग पडे.

याच वेळी कॅलिफोर्नियातल्या अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत फ्रीडमन आणि वेस यांनी शेतमाल व त्याचे अवशेष पारा किती धरतात, हे तपासून १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांच्या साली आणि शेंगदाण्याची लाल साल घेतली. सालीतले टॅनिन पाण्यात उतरून पाणी रंगीत करते, हा तिचा दोष. तो घालवण्यासाठी त्यांनी आम्लात फॉर्माल्डिहाइड वापरून टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडून टाकले. साल पाण्यात विरेनाशी झाली, पण धातू धरण्याची तिची शक्ती राहिली.

या कामाला महाराष्ट्रातून लगेच जोड मिळाली. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील पी. कुमार आणि एस. एस. दारा यांनी १९८० मध्ये प्रक्रिया केलेल्या झाडांच्या साली, १९८१ मध्ये कांद्याची फोलपटे आणि १९८२ मध्ये एकूणच शेतीतले अवशेष विषारी धातू काढण्यासाठी कसे वापरता येतील, यावर लेख लिहिले. महाराष्ट्रासारख्या कांदा पिकवणाऱ्या राज्यात फोलपटाची निवड अगदी स्वाभाविक होती. बाजार समितीच्या आवारात, खानावळीमागे, चाळीतून उपसलेल्या कांद्याखाली त्याचे ढीग साठतात, आणि कडबा किंवा पऱ्हाटी यांच्याप्रमाणे त्यावर कुणाचा जुना हक्कही नाही. जनावरेसुद्धा ते फारसे खात नाहीत. खऱ्या अर्थाने टाकाऊ अशी ही वस्तू. आज जगभरच्या आढावा-लेखांत या नागपुरी कामाचा उल्लेख येतो. महाराष्ट्रात मात्र दारा यांचे नाव विद्यार्थ्यांना ठाऊक आहे ते अभियांत्रिकी रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकामुळे, कांद्याच्या फोलपटामुळे नव्हे. ही उणीव भरून निघायला हवी.

अवशेष धातू कसा धरतो, याचे उत्तर त्याच्या बांधणीत आहे. ताट, साल, टरफल हे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन आणि थोडे पेक्टिन यांचे बनलेले असते. त्यांच्यावर कार्बोक्सिल आणि हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांना आधीपासून कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा हायड्रोजन चिकटलेला असतो. पाण्यातला शिशाचा किंवा तांब्याचा आयन आला, की तो यांना हटवून जागा घेतो. पाणी स्पंजात शिरावे तसा धातू आत शिरत नाही, तो पृष्ठभागाला धरला जातो. म्हणून याला शोषण न म्हणता अधिशोषण म्हणतात. पाणी आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनच जागा अडवून बसतो आणि धातू पाण्यातच राहतो. सहा संयुजेचा क्रोमियम उलटा वागतो. तो पाण्यात ऋणभारित क्रोमेटच्या रूपात असतो, त्यामुळे सामू कमी असताना तो जास्त पकडला जातो, आणि सालीतल्या द्रव्यांमुळे त्यातला काही भाग कमी विषारी अशा तीन संयुजेच्या क्रोमियममध्ये बदलतो. हरभऱ्याच्या कोंड्याने असा क्रोमियम काढण्याचे बंगळूरच्या संशोधकांचे काम २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. डाळ गिरण्यांच्या लातूरला त्या कोंड्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. तिथे तो पशुखाद्य म्हणून विकला जातो.

धरण्याच्या जागा वाढवणे, हाच प्रक्रियेचा हेतू. अल्कलीने धुतले की विरघळणारी द्रव्ये निघून जातात आणि आतले गट उघडे पडतात. सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल लावून तापवले, की आम्लाचा रेणू सेल्युलोजला एका टोकाने जोडला जातो आणि त्याचे उरलेले कार्बोक्सिल गट धातूसाठी मोकळे राहतात. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स येथे मार्शल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सोयाबीनच्या सालीवर हा प्रयोग केला. नुसती साल दर ग्रॅमला ०.३९ मिलिमोल तांबे धरत होती. सायट्रिक आम्ल लावून १२० अंश सेल्सियसला ९० मिनिटे तापवल्यावर हा आकडा २.४४ पर्यंत गेला. लिंबात जे आम्ल असते तेच हे आम्ल, आणि तापमान बेकरीच्या भट्टीपेक्षा कमी. सोयाबीनच्या मुलखाला याहून जवळचा प्रयोग सापडणे कठीण आहे. मात्र ही साल म्हणजे शेतातले कुटार नव्हे. दाण्यावरचे पातळ आवरण तेल गिरणीत निघते आणि दाण्याच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के भरते. इस्लापूरचा शेतकरी दाणा विकतो तेव्हा ही सालही त्याच्या हातून जाते. शिवारात उरते ते कुटार.

मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत एस. आर. शुक्ल आणि आर. एस. पै यांनी २००५ मध्ये आणखी एक वाट काढली. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत कापड आणि रंग यांच्या अभ्यासाची मोठी परंपरा आहे. शुक्ल-पै यांनी शेंगदाण्याच्या टरफलावर आणि लाकडाच्या भुशावर कापडाचा प्रतिक्रियाशील रंग चढवला आणि अशा रंगवलेल्या टरफलाने तांबे, निकेल व जस्त अधिक प्रमाणात धरल्याचे दाखवले. ताग आणि नारळाचा काथ्या यांवरही त्यांनी प्रक्रिया करून धातू धरण्याचे प्रयोग केले. हिरड्यावर लोखंड चढवणाऱ्या रंगाऱ्याची रीत इथे उलट्या दिशेने आली: तिथे धातूने रंग पक्का केला, इथे रंगाने धातू पकडला.

पुण्याची गोष्ट थोडी वेगळी. टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेचा 'सुजल' हा गाळक तयार झाला. त्यातूनच पुढे राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेला 'टाटा स्वच्छ' हा घरगुती गाळक डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आला. तुसाच्या वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा राख निघते आणि तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. बारीक छिद्रांची ही राख गाळण्यासाठी चांगली. या गाळकाचे लक्ष्य रोगजंतू होते, जड धातू नव्हे. तरीही पीक-अवशेषातून निघालेली आणि घरोघरच्या ओट्यावर पोचलेली वस्तू म्हणून या इतिहासात तिची नोंद आवश्यक आहे, कारण बाकीचे बहुतेक संशोधन लेखांतच राहिले.

ते तिथे का राहिले, याची कारणे हिशोबात आहेत. एक किलो अवशेष दर ग्रॅमला १० मिलिग्रॅम धातू धरत असेल आणि पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅम धातू असेल, तर कागदावर १०,००० लिटर पाणी साफ होते. पण ही धारणशक्ती प्रयोगात दाट द्रावणावर मोजलेली असते. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानक मर्यादा शिशासाठी दर लिटरला ०.०१, कॅडमियमसाठी ०.००३ आणि पाऱ्यासाठी ०.००१ मिलिग्रॅम आहे. इतक्या विरळ पातळीपर्यंत उतरताना पकड ढिली पडते, आणि पाण्यात मुबलक असलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम त्याच जागांसाठी भांडू लागतात. मराठवाड्यातले विहिरीचे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. शुद्ध पाण्यात एकच धातू विरघळवून केलेल्या प्रयोगाचा आकडा त्या पाण्याला जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून या तंत्राची खरी जागा गावाच्या माठात नाही, ती मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळावर आहे. तिथे धातू दाट असतो, सामू आवरता येतो, आणि सौम्य आम्लाने धुऊन धातू परतही मिळवता येतो.

किनवट तालुक्याच्या पाण्याचे दुखणे तर याहून निराळे आहे. इथे दख्खनचा काळा कातळ पातळ होत जातो आणि खालचा ग्रॅनाइट वर येतो. त्यातल्या खनिजांतून भूजलात फ्लोराइड उतरते, आणि तालुक्यातल्या काही गावांत ते मर्यादेबाहेर आढळले आहे. भारतीय मानकात इष्ट मर्यादा दर लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. फ्लोराइड धातू नाही. तो ऋणभारित आहे. कार्बोक्सिल गटही ऋणभारित, त्यामुळे सायट्रिक आम्ल लावलेली साल त्याला दूरच ठेवते. त्याच्यासाठी अवशेषात ॲल्युमिनियम, झिर्कोनियम किंवा लॅन्थॅनम बसवावे लागते, म्हणजे पुन्हा तुरटीत भिजवलेल्या तुसाच्या कोळशाकडे आणि नागपूरच्या भुशाकडे यावे लागते. असे पदार्थ आज पुन्हा तपासले जात आहेत. त्यांतून ॲल्युमिनियम पाण्यात सुटू नये, याची वेगळी काळजी घ्यावी लागते.

शेवटचा प्रश्न वापरून झालेल्या मालाचा. धातूने भरलेले टरफल जनावरापुढे टाकता येत नाही, शेणखतात मिसळता येत नाही, आणि चुलीत घातले तर धातू राखेत साचतो व त्याचा काही भाग धुरात जातो. कडबा, चुनी, पऱ्हाटी यांचे सगळे जुने मार्ग इथे बंद होतात. कारखान्यातून निघालेल्या अशा मालाला २०१६ चे घातक कचरा व्यवस्थापन नियम लागू होतात आणि तो परवानाधारक जागीच पोचवावा लागतो. आम्लाने धुऊन तोच माल पुन्हा वापरला, तरी काही फेऱ्यांनंतर त्याची पकड कमी होते, आणि धुण्याचे आम्ल हे स्वतःच धातूंनी भरलेले दाट सांडपाणी असते. त्यातून तांबे किंवा निकेल विजेने वेगळे काढण्याची सोय जिथे आहे, तिथेच आज टरफलाचा हिशोब जुळतो.